आर्यभट कोणी बांधला?

भारताचा पहिला उपग्रह आर्यभट बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या शेडांमध्ये तयार झाला आणि १९ एप्रिल १९७५ रोजी सोव्हिएत संघातल्या कापुस्तिन यार तळावरून सुटला. इंग्रजीत हे सांगताना 'आर्यभट वॉज बिल्ट इन बेंगळुरू' असे वाक्य आपसूक येते. विषय उपग्रहाचा, बांधणारे यू. आर. राव यांच्या हाताखालचे कितीतरी जण. मग सुरुवात उपग्रहापासूनच व्हायची. आपल्या शाळांत मात्र पॅसिव्ह उलट्या टोकाने शिकवतात. आधी अ‍ॅक्टिव्ह वाक्य, मग कर्म पुढे, कर्ता मागे, मध्ये 'वॉज' किंवा 'वेअर', क्रियापदाचा थर्ड फॉर्म आणि शेपटीला 'बाय'. हा साचा लवकर पाठ होतो. वाक्य कोणापासून सुरू करायचे हा खरा प्रश्न, आणि 'व्हॉइस बदला' म्हणताना नेमका तोच विचारला जात नाही. 'बाय'चेच पाहा. पहिल्या वाक्याला 'बाय इंजिनिअर्स' जोडून वाचकाला नवे काही कळत नाही. 'इट वॉज लॉन्च्ड बाय अ सोव्हिएत रॉकेट' यात मात्र 'बाय'नंतरच बातमी आहे.

मराठी मुलांना ही दृष्टी घरचीच आहे. 'शाळा बांधली', 'पूल बांधला' म्हणताना क्रियापद कर्माप्रमाणे बदलते आणि कर्ता गाळला तरी कोणाचे अडत नाही. पण इथेच पाय घसरतो. 'रामाने आंबा खाल्ला' हे आपले रोजचे भूतकाळी वाक्य. कर्मणी प्रयोग म्हणून त्याचे पॅसिव्ह केले की 'द मँगो वॉज ईटन बाय राम' असे अवघडलेले इंग्रजी हाती येते. 'अपघात झाला'चे तर सर्रास 'अ‍ॅक्सिडेंट वॉज हॅपन्ड' होते. कर्मच नाही, तर पॅसिव्ह कशाचा?

पॅसिव्ह जबाबदारी झाकतो, म्हणून टाळावा, असे बरेच जण सांगतात. सॉफ्टवेअर कंपनीच्या अहवालात 'द डेटाबेस वॉज डिलीटेड' वाचले की ते पटतेही. पण 'द सर्व्हर क्रॅश्ड' हे वाक्य अ‍ॅक्टिव्ह आहे, आणि त्यातही कोणाचे नाव नाही. लपवणारा कुठल्याही व्हॉइसमध्ये लपवतो. शिवाय चूक कोणाची यापेक्षा ती कशी घडली हे शोधायचे असेल, तर नाव गाळण्यातच शहाणपण. राहिला परीक्षेचा मुद्दा: तिथे रूपांतरच विचारतात, मग शिक्षक तरी काय करणार? हे खरे, म्हणून बदल प्रश्नपत्रिकेपासून हवा. आर्यभटाविषयी दोन ओळी द्या, तिसरी मुलांना लिहू द्या, आणि 'बाय' गाळला म्हणून गुण कापू नका.