क्लीनर साइडची खट्

पुढच्या चाकातून आवाज येतो म्हणून ट्रक गॅरेजात आला की बरेच मिस्त्री आधी जॅक काढतात. कळंबोलीच्या लोखंड बाजाराजवळ ज्या मिस्त्रींचं काम बघत मी बसतो, ते आधी ड्रायव्हरला बोलतं करतात. त्या दिवशी आली होती जुनी टाटा सोळा-तेरा. हा आकडा म्हणजे साधारण 16 टन एकूण वजन आणि 130 हॉर्सपॉवर. गाडी सोलापूरकडची, अंगावर सळई. दुसऱ्या एका गॅरेजने शॉकअप बदलला होता, टायरॉड एंडही बदलला होता. पैसे गेले, आवाज राहिला.

“कधी वाजते?”

“ब्रेक मारला की, उस्ताद. क्लीनर साइडला. पायाखाली खट् करून बसते.”

“खड्ड्यात?”

“खड्ड्यात एवढी नाही.”

“मागं घेऊन ब्रेक मारला तर?”

ड्रायव्हर गप्प. ते त्याने करून बघितलंच नव्हतं. मिस्त्रींनी त्याला तिथेच मोकळ्या जागेत गाडी हलवायला लावली. पुढे घेऊन ब्रेक मारला: खट्. तशीच आणखी पुढे घेऊन पुन्हा ब्रेक: काहीच नाही. मागे घेऊन ब्रेक: परत खट्.

ही मधली शांतता महत्त्वाची. सैल सांधा दर धक्क्याला खडखडतो. पण एखादी जड वस्तू एकदाच सरकून टेकली, तर उलट्या दिशेने ढकलेपर्यंत ती वाजत नाही. शॅकलचे बुश झिजले असतील तर गाडी खड्ड्यात बोलते. किंगपिन किंवा टायरॉड गेला असेल तर स्टेअरिंग कापताना कळतं. चाकाच्या फेऱ्याबरोबर आवाज येत असेल आणि वेग वाढल्यावर त्याची लयही वाढत असेल, तर हबचं बेअरिंग नाहीतर चाकाचे नट. तसं असेल तर गॅरेजपर्यंतही जाऊ नये, गाडी आहे तिथेच उभी करावी.

दिशा कळली तरी मिस्त्रींनी किंगपिन तपासलाच. एका गाडीत दोन दुखणी असू शकतात. मागच्या चाकांना उटी लावली, पुढच्या अॅक्सलखाली जॅक आणि लाकडी ठोकळा गेला, चाक जमिनीपासून सुटलं. टायरखाली पहार घालून ते उचकटलं, मग वरून-खालून धरून हलवलं. जरासा खेळ जाणवला. तो किंगपिनचा की बेअरिंगचा? मिस्त्रींनी क्लीनरला ब्रेक दाबून धरायला सांगितलं. ब्रेक दाबला की शू ड्रमला घट्ट धरतात, त्यामुळे हब आणि स्टब अॅक्सल एकजीव होतात. तेव्हा खेळ गेला तर तो बेअरिंगचा, उरला तर किंगपिनचा. इथे गेला. बेअरिंग थोडं आवळायला झालं होतं. पण एवढ्याने असा आवाज निघत नाही.

मग चाक खाली टेकवलं आणि गाडीचं वजन पुन्हा पाट्यांवर, म्हणजे लीफ स्प्रिंगवर आलं. डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने मिस्त्रींनी पाटे आणि अॅक्सल जिथे एकमेकांवर बसतात ती जागा पुसली. उजव्या बाजूला वर्षांची काळी खपली. डाव्या, म्हणजे क्लीनर साइडला मात्र यू-बोल्टच्या पायाशी तांबूस भुकटी, आणि पाट्याच्या कडेलगत चकचकीत धातूची बारीक रेघ. लोखंड लोखंडावर घासत असल्याशिवाय ते असं उजळत नाही. स्टेअरिंग सरळ करून टेपने पुढच्या हबपासून मागच्या हबपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजलं. डावं दोन सूत कमी भरलं. म्हणजे अॅक्सल त्या बाजूला पाव इंच मागे सरकलेला.

यू-बोल्टचे चारही नट पान्याला फारसा जोर न लावताच फिरले. चेसिसला आधार देऊन पाटे उचलले, तेव्हा सेंटर बोल्ट निघाला तो दोन तुकड्यांत.

“सेंटर बोल्ट तुटला, म्हणून वाजत होती तर,” ड्रायव्हर म्हणाला. मिस्त्रींनी नकारार्थी मान हलवली. सेंटर बोल्टचं काम पाटे एका ओळीत ठेवायचं आणि अॅक्सलवर त्यांची जागा दाखवायचं. अॅक्सलला धरून ठेवतात ते यू-बोल्ट, तेही निव्वळ आवळून. ते ढिले पडले की ब्रेकचा सगळा धक्का त्या बोटाएवढ्या बोल्टवर येतो, आणि तो तुटतो. फक्त सेंटर बोल्ट बदलून दिला असता, तर ही गाडी काही आठवड्यांत परत आली असती. कान फसतो तोही इथेच: धक्का पाट्यातून तो टांगलेल्या हँगरला, हँगरमधून चेसिसला जातो आणि केबिनच्या तळाशी ऐकू येतो. म्हणून शॉकअपवर संशय गेला असणार.

ढिले का पडले, तेही विचारल्यावर निघालं. काही महिन्यांपूर्वी मुख्य पाटा तुटला होता, तो बदलला. नवा पाटा बसवला की पाट्यांमधला रंग आणि गंज भाराखाली चेपतो, सगळी थप्पी किंचित बसते आणि आवळलेला बोल्ट सैल होतो. काम झाल्यावर नट पुन्हा आवळायचे असतात. ते कोणी केलं नव्हतं. पुढच्या अॅक्सलवर 6 टनांची मर्यादा होती, 2018 च्या जुलैत केंद्र सरकारने ती 7 टन केली. एवढं ओझं आणि त्यावर ब्रेकचा जोर. हे सगळं चार नटांच्या भरवशावर.

ताणलेले जुने यू-बोल्ट मिस्त्रींनी परत वापरले नाहीत. नवे घातले, पान्याला पाइप लावून तिरकस क्रमाने थोडे थोडे आवळले, शेवटचा पिळा गाडीचं वजन पाट्यांवर घेऊन दिला. बेअरिंगचा खेळही काढला. पुढे-मागे ब्रेक मारून पाहिलं, आवाज बंद.

पाट्यांचं काम केलं असेल तर पहिल्या भरलेल्या फेरीनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे. आणि गॅरेजात गेल्यावर आवाज कुठून येतो एवढंच सांगू नका, कधी येतो तेही सांगा.