अक्षरापलीकडचे ग्रंथालय

ग्रंथालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कपाटे आणि पुस्तकांच्या रांगा उभ्या राहतात. ज्ञान म्हणजे छापील अक्षर, हे समीकरण आपल्या मनात पक्के बसले आहे. परंतु ज्ञानाचा फार मोठा भाग कागदावर कधी उतरतच नाही. तो गळ्यात असतो, हाताच्या हालचालीत असतो. विद्यापीठे आणि संशोधन संस्थांच्या डिजिटल संग्रहांत ध्वनिमुद्रणे, चित्रफिती व छायाचित्रे यांना जागा हवी, ती यासाठीच.

जात्यावरच्या ओव्यांचे उदाहरण घेऊ. हेमा राईरकर, गी प्वातव्हँ आणि त्यांचे सहकारी यांनी महाराष्ट्रातील खेडोपाडी हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. वहीत उतरविलेली ओवी वाचली म्हणजे अर्थ कळतो. पण चरण कोठे पुन्हा घोळवला, कोठे श्वास घेतला, हे अक्षर सांगू शकत नाही. पुढे बर्नार बेल यांनी सुमारे १२० तासांचे मुद्रण केले. गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्या, जाती थंडावली. हे मुद्रण झाले नसते, तर त्या ओव्यांचे केवळ शब्द उरले असते. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताविषयीच्या डिजिटल संग्रहात ओवीचा पाठ, भाषांतर, गाणारीचे नाव आणि तिचा आवाज एकत्र मिळू लागले.

मात्र आवाज जतन करणे हे पुस्तक ठेवण्याइतके सोपे नाही. पहिली अडचण जागेची. सीडीच्या दर्जाचे, दाबून लहान न केलेले एक तासाचे मुद्रण सुमारे ६३५ मेगाबाईट जागा घेते. म्हणून मूळ प्रत जशीच्या तशी जपून ठेवायची आणि ऐकणाऱ्यांसाठी एमपी३सारखी हलकी प्रत द्यायची, असा प्रघात आहे. हलक्या प्रतीवरून मूळ आवाज पुन्हा मिळविता येत नाही, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

दुसरी अडचण शोधाची. पुस्तकातील शब्द यंत्राला चटकन सापडतो. ध्वनिमुद्रणासोबत माहिती नसेल, तर ते मुकेच राहते. कोण गाते, गाव कोणते, तारीख काय, बोली कोणती, हे लिहून ठेवणे म्हणजेच त्या आवाजाला पत्ता देणे होय. तिसरी गोष्ट संमतीची. आवाज हा माणसाचा असतो. तो जगापुढे ठेवण्याआधी त्याला विचारले पाहिजे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी पीएच.डी.च्या प्रबंधांची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे आवश्यक ठरविले आणि ‘शोधगंगा’मुळे असंख्य प्रबंध सर्वांना खुले झाले. हे मोठेच काम आहे. पण लोकगीतांवरील प्रबंध खुला झाला आणि त्याच्या आधाराची मुद्रणे संशोधकाच्या खणात पडून राहिली, तर अर्धेच काम झाले. निष्कर्ष वाचायला मिळतो, पुरावा तपासता येत नाही. चुंबकीय फीत काळाबरोबर खराब होते, ती वाजविणारी यंत्रेही दुर्मिळ होतात.

आपल्यापैकी अनेक जण प्रकल्पासाठी गावी जातात, आजीची गाणी मोबाईलवर टिपतात, गुण मिळाले की ती विसरतात. त्या प्रत्येक मुद्रणासोबत नाव, गाव, तारीख आणि संमती एवढ्या चार गोष्टी नोंदवून त्याची प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात दिली, तर चार वर्षांत येथे एक लहानसा संग्रह उभा राहील. त्यासाठी अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. वाट पाहायला त्या आजींकडे वेळ नाही.