ज्याच्यावर पाळत, त्यालाच पत्ता नाही

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी मला गाठलं आणि विचारलं, "सर, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सुप्रीम कोर्टानं २०१७ साली सांगून टाकलं. नऊ न्यायाधीशांनी, एकमतानं. मग आता अडचण काय राहिली?" घरी जाताना मी त्याचाच विचार करत होतो. हक्क मिळाला हे खरं. पण तो मोडला गेला, तर ते ज्याचा मोडला त्याला कळावं, याची सोय आपल्या कायद्यात नाही. आणि जे कळलंच नाही, त्याबद्दल दाद मागणार तरी कशी? आज एवढ्या एकाच मुद्द्यावर बोलणार आहे.

सुरुवात एका माणसाच्या मोडलेल्या झोपेपासून करू. उत्तर प्रदेशातले खरक सिंग. १९४१ साली दरोड्याच्या एका प्रकरणात पोलिसांनी त्यांना पकडलं, पुरावा मिळाला नाही, सोडून दिलं. पण पोलिसांच्या दप्तरात त्यांच्या नावाचा कागद उघडला तो उघडलाच. रात्री-अपरात्री गावचा चौकीदार यायचा, कधी शिपाई यायचे, दार ठोठवायचे, हाका मारून उठवायचे. परगावी जायचं तर आधी वर्दी द्यायची. कंटाळून हा माणूस सुप्रीम कोर्टात गेला. निकाल लागला डिसेंबर १९६२ मध्ये.

सहा न्यायाधीश होते. बहुमत म्हणालं, रात्री घरात येऊन उठवणं घटनाबाह्य आहे, ते बंद करा. पण घराबाहेर गुपचूप नजर ठेवणं, कुठे जातो-येतो त्याची नोंद करणं, याला हरकत नाही. खासगीपणा असा काही हक्क आपल्या घटनेत दिलेला नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव आणि न्यायमूर्ती शहा यांनी मात्र वेगळं मत दिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की, माणसाचं हिंडणं-फिरणं म्हणजे नुसते पाय हलणं नव्हे. सतत कुणाच्या नजरेखाली वावरणारा माणूस मोकळा असत नाही. हे अल्पमत जवळजवळ पंचावन्न वर्षं वाट बघत राहिलं. २४ ऑगस्ट २०१७ ला, न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर, ते घटनापीठानं उचलून धरलं.

आता बहुमताचा युक्तिवाद जरा नीट बघा, कारण तो अजून आपल्या डोक्यातून गेलेला नाही. दार ठोठावलं तर झोप मोडते, म्हणून ती इजा. गुपचूप बघितलं तर त्या माणसाला अडवलं कुठे? इजा झाली कुठे? मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, तेव्हा एक साधं उदाहरण द्यायची सवय आहे. तुम्ही गावाला गेलात. शेजाऱ्यानं किल्ली लावून घर उघडलं, तुमची रोजनिशी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली, जशी होती तशी परत ठेवली. एक पान दुमडलं नाही. तुम्हाला हे मरेपर्यंत कळणार नाही. तुमच्यावर अन्याय झाला का? वर्गात हा प्रश्न विचारला की सगळे हात वर जायचे, हो, झाला! म्हणजे दुखणं वेगळं आणि अन्याय वेगळा. न दुखता अन्याय होऊ शकतो. पण आपली न्यायव्यवस्था चालते ती दुखण्यावर. ज्याला लागलं तो ओरडत येतो, मग कोर्ट विचारतं, दाखवा कुठे लागलं. गुप्त पाळतीत दाखवायला जखमच नसते.

याची दुसरी बाजू मी स्वतः थोडी बघितली आहे. आणीबाणीत मी पंचविशीत होतो. एका मित्राची पत्रं यायची, आणि पाकिटाच्या तोंडाशी डिंकाचा दुसरा थर दिसायचा. आम्ही समजलो काय ते. मग आमचा पत्रव्यवहार कसा झाला, तर "तब्येत ठीक, पाऊस बरा, आईला नमस्कार." दोन वर्षं आम्ही एकमेकांना हवामान कळवत होतो. आता गंमत अशी की, पत्रं खरंच कुणी उघडली होती का, हे मला आजही ठाऊक नाही. पावसाळ्यात डिंक सुटतो, कुणी भल्या माणसानं पुन्हा चिकटवलाही असेल! पण आम्ही मात्र बदललो. तेव्हा पाळत आहे हे कळलं नाही तर अन्यायाची दाद नाही, आणि पाळत नसतानाही नुसत्या शंकेनं माणूस जीभ आवरतो. दोन्हीकडून मार, आणि दोन्हीचं मूळ एकच, न कळणं.

बरं, कायदा काय म्हणतो? फोन ऐकण्याचा अधिकार सरकारला दिला तो १८८५ च्या तार कायद्यानं, इंग्रजांच्या. सार्वजनिक आणीबाणी असेल किंवा सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न असेल, तरच. हे दोन शब्दप्रयोग लक्षात ठेवा, पुढे लागतील. पण परवानगी द्यायची कुणी, किती दिवसांची, याचे नियम शंभर वर्षं धड नव्हतेच. पुढाऱ्यांचे फोन ऐकले जातात याचा १९९१ च्या सुमाराला बोभाटा झाला आणि नागरी स्वातंत्र्यासाठी काम करणारी संघटना, पीयूसीएल, कोर्टात गेली. १९९६ साली सुप्रीम कोर्टानं म्हटलं, फोन ऐकणं हा खासगीपणावरचा गंभीर घाला आहे. पण आधी न्यायाधीशाची परवानगी घ्या, ही संघटनेची मागणी मान्य केली नाही. कायद्यात तशी तरतूद नाही म्हणाले. मग काय ठरलं? आदेश गृहसचिव देणार, आणि तो बरोबर होता का हे सचिवांचीच समिती तपासणार. केंद्रात मंत्रिमंडळ सचिव, विधी सचिव, दूरसंचार सचिव. २००७ च्या नियमांत हे पक्कं झालं. आदेश साठ दिवसांचा, वाढवून वाढवून एकशे ऐंशी. तार कायद्याच्या जागी २०२३ चा दूरसंचार कायदा आला, २०२४ मध्ये नवे नियम आले, पण सांगाडा तोच. आदेश देणारा सरकारी, तपासणारा सरकारी. आपल्याकडे म्हणतात ना, कुंपणानंच शेत खाल्लं तर? इथे कुंपणाची राखण कुंपणाकडेच दिली आहे.

आणि ही तपासणी होते कशी? न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांचं नाव मुंबईकरांना वेगळ्या कारणानं पाठ आहे. त्यांच्या अध्यक्षतेखाली विदा संरक्षणावर एक समिती होती. २०१८ च्या त्यांच्या अहवालात नोंद आहे की दोन महिन्यांतून एकदा भरणाऱ्या या समितीपुढे प्रत्येक बैठकीत पंधरा ते अठरा हजार आदेश असतात आणि हे काम अवास्तव आहे. मी हिशेब केला. समिती सलग आठ तास बसली, चहालासुद्धा उठली नाही, असं धरा. एका आदेशाला दोन सेकंदसुद्धा मिळत नाहीत. तेवढ्यात नाव वाचून होत नाही, कारण कुठलं वाचणार?

आता मुंबईचं एक प्रकरण सांगतो, कारण त्यात सगळं दिसतं. एका उद्योजकाचा फोन ऐकण्याचे तीन आदेश केंद्रीय गृहखात्यानं २००९-१० मध्ये काढले. आरोप होता बँकेच्या अधिकाऱ्याला लाच दिल्याचा. खटला उभा राहिला तो या ध्वनिमुद्रणांच्या आधारावर. तो उच्च न्यायालयात गेला. २२ ऑक्टोबर २०१९ ला मुंबई उच्च न्यायालयानं तिन्ही आदेश रद्द केले. सांगितलं की इथे ना सार्वजनिक आणीबाणी होती, ना सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न, आणि समितीपुढे आदेश ठेवण्याचा नियमही पाळलेला नाही. ध्वनिमुद्रणं नष्ट करा. पुट्टस्वामी निकालाचा आधार घेऊन दिलेला हा उत्तम निर्णय आहे, वकिलीचे विद्यार्थी इथे असतील त्यांनी मुळातून वाचावा.

पण मला त्यात जे दिसतं ते असं. या माणसाला आपला फोन ऐकला गेला हे कळलं कसं? त्याच्यावर खटला भरला म्हणून! म्हणजे आरोपी झाला म्हणून त्याला हक्क वापरता आला. आणि ज्याचं बोलणं ऐकलं, त्यात वावगं काहीच सापडलं नाही, ज्याच्यावर खटलाच झाला नाही, त्याचं काय? त्याच्यावरचा अन्याय खरं तर जास्त मोठा. पण त्याला कुणी कधी सांगणार नाही. शिवाय नियम असा आहे की गरज संपलेल्या आदेशांच्या आणि नोंदींच्या फायली सहा महिन्यांनी नष्ट करायच्या. वरवर बघता हे खासगीपणाच्या रक्षणासाठीच आहे, आणि तसा तो हेतू खोटाही नसेल. पण त्याबरोबर बेकायदा पाळतीचा मागही पुसला जातो.

इथवर फोन ऐकण्याचं झालं. आता स्पायवेअर. आपल्या जुन्या घरांत ओसरी असायची, माजघर असायचं, त्याच्या आत देवघर. परका माणूस ओसरीवर बसायचा, ओळखीचा आत यायचा, माजघरात घरचेच. तारेवर कान लावणं म्हणजे ओसरीवरचं बोलणं ऐकणं. पेगॅसससारखा प्रोग्रॅम मोबाइलमध्ये शिरतो तेव्हा तो थेट माजघरात शिरतो. तुम्ही कुठल्या दुव्यावर बोटसुद्धा न लावता तो आत येऊ शकतो. जुने फोटो, टिपणं, निरोप बघतो, मायक्रोफोन चालू करतो. निरोप सांकेतिक लिपीत जातो म्हणून आपण निर्धास्त असतो, पण हा तर तुमच्या खांद्यावरून वाचतोय. इस्रायलच्या एनएसओ कंपनीचा हा माल, आणि आम्ही तो फक्त सरकारांना विकतो असं कंपनीच सांगते. २०२१ च्या जुलैत भारतातल्या पत्रकारांची, कार्यकर्त्यांची, पुढाऱ्यांची नावं बाहेर आली. ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टानं निवृत्त न्यायमूर्ती रवींद्रन यांच्या देखरेखीखाली तांत्रिक समिती नेमली. राष्ट्रीय सुरक्षा म्हटलं की प्रत्येक वेळी मोकळीक मिळणार नाही, असंही बजावलं. ऑगस्ट २०२२ मध्ये कोर्टात सांगण्यात आलं की तपासलेल्या २९ फोनपैकी पाचांत कुठलं तरी घातक सॉफ्टवेअर मिळालं, पण ते पेगॅससच होतं असं ठाम म्हणता येत नाही, आणि सरकारनं सहकार्य केलं नाही. ती पाच माणसं आज कुठे आहेत? माझ्या त्या डिंकाच्या थरापाशी. संशय आहे, खात्री नाही.

जर्मनीत हाच प्रश्न २००८ साली घटना न्यायालयापुढे आला. एका प्रांतानं गुप्तहेर खात्याला लोकांच्या संगणकांत गुपचूप शिरायची मुभा दिली होती. न्यायालयानं तो कायदा रद्द केला आणि सांगितलं, माणसाची संगणकयंत्रणा अभंग राहणं हाच एक मूलभूत हक्क आहे. शिरायचंच असेल तर जिवावरचा, देशावरचा ठोस धोका दाखवा, आणि आधी न्यायाधीशाकडे जा. आपल्याकडे फोनमध्ये शिरण्याबद्दल वेगळा कायदा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९ व्या कलमातले शब्द ताणून त्यात हे बसवायचं का, हा वाद आहे. २०२३ च्या वैयक्तिक विदा कायद्याकडे बोट दाखवू नका. तो मुख्यतः दुकानदारासाठी आहे, कोतवालासाठी नाही. त्याच्या १७ व्या कलमानुसार केंद्र सरकार आपल्या कुठल्याही यंत्रणेला अधिसूचना काढून त्यातून वगळू शकतं.

दोन चिठ्ठ्या आल्या आहेत. पहिली, "परवानगी न्यायाधीशानं दिली की प्रश्न सुटेल का?" बरंचसं बरं होईल. पण माझं मत जरा वेगळं आहे. न्यायाधीशापुढेही एकच बाजू येते, पोलिसांची. दुसरा माणूस तिथे नसतोच. म्हणून मी न्यायाधीशापेक्षाही मागाहून कळवण्याला जास्त महत्त्व देतो. आज उद्या आपलं हे काम त्या माणसाच्या हातात पडणार आहे, हे ठाऊक असलं की सही करणारा जपून सही करतो.

दुसरी चिठ्ठी, "म्हणजे पोलिसांनी गुन्हेगाराला कळवायचं, की बाबा तुझा फोन ऐकतोय?" (हशा) नाही हो. ऐकणं चालू असताना नाही, संपल्यावर. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्यात हे आहे. फोन ऐकण्याची मुदत संपली की नव्वद दिवसांच्या आत त्या माणसाला लेखी कळवायचं. तपास बिघडेल असं वाटलं तर न्यायाधीशाकडून पुढची तारीख घ्यायची. जर्मन घटना न्यायालयानं १९७० मध्ये हेच सांगितलं, धोका टळला की कळवा. आणि कळवलंच नाही तर? तिथल्या कायद्याच्या व्यवसायातले पाच जण युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेले. आपल्यावर पाळत आहे याचा त्यांच्याकडे काडीचा पुरावा नव्हता. १९७८ साली न्यायालय म्हणालं, गुप्त पाळतीचा कायदा अस्तित्वात आहे एवढ्यावरही तुमचं गाऱ्हाणं ऐकू. पुरावा आणा म्हणणं म्हणजे हक्कच काढून घेणं. शेवटी ते पाच जण हरले, जर्मन कायदा पुरेसा आहे असा निकाल लागला. पण त्यांना दारातून परत पाठवलं नाही.

आपल्याकडे १९८६ मध्ये टपाल उघडण्याचे अधिकार वाढवणारं विधेयक संसदेनं मंजूर केलं होतं. राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सहीच केली नाही, नुसतं ठेवून दिलं, आणि ते विधेयक कधीच कायदा झालं नाही. त्याची गोष्ट मोठी आहे. वेळ संपली म्हणून घड्याळ दाखवतायत, तेव्हा पुढच्या वेळी तिथून सुरू करू आणि मग रस्त्यावरच्या चेहरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्यांकडे जाऊ.