वजन उतरवायचे? आधी एक सुतळी घ्या

कुंभार पिंपळगावच्या वस्त्यांमध्ये आम्ही आरोग्याच्या कामासाठी घरोघर फिरतो, तेव्हा वजनाचा विषय आपणहून कोणी काढत नाही. कोणी गुडघे दुखतात म्हणून बोलते, कोणाला जिना चढताना धाप लागते, कोणाची शुगर नुकतीच निघालेली असते. बोलता बोलता गाडी वजनावर आली की बहुतेक घरांत एकच उत्तर मिळते, "ताई, आत्ता कुठं पोटभर मिळाया लागलं, अन् तुम्ही कमी खा म्हणता व्हय!"

हे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. आपल्या आजी-आजोबांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला, खडी फोडली, सुकडीवर दिवस काढले. मराठवाड्याचेच लेखक शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात आपल्या समाजाच्या ताटाची नोंद केली आहे. त्या ताटाची कहाणी टंचाईची आहे. अशा घरात भरलेले अंग हे खात्यापित्या घराचे लक्षण वाटणारच. म्हणून आम्ही आधीच सांगतो : वजन उतरवणे म्हणजे पुन्हा उपाशी राहणे नव्हे. आणि बारीक दिसण्यासाठी तर हा खटाटोप मुळीच नाही. प्रश्न गुडघ्यांचा, डोळ्यांचा, मूत्रपिंडांचा आणि हृदयाचा आहे. घरचा कमावता माणूस पंचेचाळिशीत लकव्याने खाटेवर पडला, तर सबंध घर खाटेवर पडते.

उपासमारीचा हिशोब शरीर ठेवते

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर माता आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे हाडामांसाने लहान होती, पण त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने कमी नव्हती. दिसायला रोड, आतून चरबी. आईच्या पोटात कमी पोषण मिळालेल्या शरीराला पुढे जास्तीचे खाणे आणि बैठे काम मिळाले, की मधुमेहाचा धोका वाढतो.

याच डॉ. याज्ञिकांचे एक उदाहरण २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. ते आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांचे उंचीच्या मानाने वजन, म्हणजे बीएमआय, अगदी सारखा होता : २२.३. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा इंग्रज डॉक्टरांची ९.१ टक्के निघाली आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के. म्हणूनच आपल्याकडे बीएमआय २३ च्या वर गेला की वजन जास्त धरतात आणि २५ च्या वर लठ्ठपणा. महाराष्ट्रात आज जवळपास चारातली एक बाई जास्त वजनाची आहे आणि पाचातली एक कमी वजनाची. एकाच गल्लीत, कधी एकाच घरात, दोन्ही सापडतात.

राजा प्रसेनजिताची युक्ती

वजन उतरवण्याची एक फार जुनी नोंद आपल्या पाली ग्रंथांत आहे. संयुत्त निकायातील दोणपाक सुत्तात कोसल देशाचा राजा प्रसेनजित द्रोणभर भाताचे जेवण करून, धापा टाकत बुद्धांकडे येतो. बुद्ध त्याला उपास करायला सांगत नाहीत. जो जागरूक राहून जेवतो आणि मात्रा ओळखतो, त्याचे त्रास कमी होतात आणि तो सावकाश म्हातारा होतो, अशा आशयाची गाथा ते सांगतात.

पुढे राजा जे करतो ते नीट पाहण्यासारखे आहे. तो स्वतःच्या निश्चयावर विसंबून राहत नाही. मागे उभ्या असलेल्या सुदस्सन नावाच्या तरुणाला तो ती गाथा पाठ करायला लावतो आणि रोज जेवताना म्हणायला सांगतो. त्यासाठी त्याला रोजचे शंभर कहापण मोबदला ठरवतो. मग भाताचे माप एकदम नाही, हळूहळू खाली येते, नाळीभर भातावर स्थिरावते आणि राजाचे अंग हलके होते.

यात तीन गोष्टी आहेत. ताटावर बसल्यावर आठवण करून देणारे माणूस, ठरलेले माप आणि सावकाश उतरणे. सुरुवात करणाराला आणि टिकून राहू पाहणाराला आजही या तीनच गोष्टी लागतात. शंभर कहापण आपल्याकडे नाहीत, पण सुदस्सन आपल्या घरात असतो. शाळेत जाणारी लेक, सून, शेजारीण, कोणीही.

सुरुवात अशी करा

वजनकाटा नसला तरी अडत नाही. एक सुतळी घ्या. डोक्यापासून टाचेपर्यंत आपली उंची तिने मोजा आणि तेवढी कापा. मग ती बरोबर अर्ध्यात दुमडा. दुमडलेली सुतळी बेंबीच्या पातळीवर पोटाभोवती पुरली तर ठीक. पुरत नसेल, तर पोटावरची चरबी धोक्याच्या पुढे गेली आहे. टेपने मोजणार असाल तर बायांसाठी ८० सेंटिमीटर आणि पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर ही मर्यादा. तीस वर्षांवरच्या माणसांचा जो फॉर्म आशाताई भरून घेतात, त्यात कमरेचे माप याचसाठी असते. त्यांना टाळू नका. त्याच वेळी बीपी आणि शुगरही तपासून घ्या.

आता उद्दिष्ट. समजा, एखाद्या पाच फुटी बाईचे वजन ७५ किलो आहे. "पंधरा-वीस किलो उतरवायचे" असे मनात धरले की आठ दिवसांत धीर सुटतो. पहिला टप्पा फक्त चार किलोचा धरा. आहे त्या वजनाचा विसावा हिस्सा उतरला तरी शुगर आणि बीपीवर परिणाम दिसू लागतो. गुडघ्यांचे गणित तर आणखी सोपे आहे. अंगावरचा एक किलो कमी झाला की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो. चार किलोचा टप्पा गाठला की थोडे थांबा, ते वजन टिकवा आणि मग पुढचा टप्पा धरा. आठवड्याला अर्धा किलो हा वेग चांगला. यापेक्षा झपाट्याने उतरवून देण्याचे वचन देणाऱ्या पावडरी, काढे आणि पट्टे यांच्या नादी लागू नका.

ताटात काय बदलायचे

सगळे एकदम बदलू नका. पहिल्या महिन्यात चहा धरा. एका कपात दोन चमचे साखर म्हणजे सुमारे दहा ग्रॅम. दिवसात पाच कप झाले तर पन्नास ग्रॅम, महिन्याला दीड किलो साखर, तीही एकट्याच्या पोटात. कप पाचाचे दोन करा आणि साखर दोन चमच्यांवरून एकावर आणा. सोबतची खारी आणि टोस्ट बंद करा.

दुसऱ्या महिन्यात तेल धरा. कोरड्यासावर तर्री आली तरच चव, हा समज सोडा. डब्यातून ओतण्याऐवजी चमच्याने मोजून घाला. महिन्याला माणशी अर्धा लिटर तेल पुरते. पाच माणसांच्या घरात अडीच लिटर. यात पैसेही वाचतात.

तिसऱ्या महिन्यात ताटाची वाटणी बदला. रेशनचा गहू-तांदूळ घरात येतो म्हणून ताटात भात-पोळीचा ढीग आणि वरण पाण्यासारखे, असे होते. अर्धे ताट भाजीचे ठेवा. तांदुळजा, घोळ, अंबाडी, पाथरी या बांधावरच्या भाज्यांना पैसे लागत नाहीत. पाव ताट भाकरी किंवा भाताचे. उरलेले पाव ताट दाट वरण, मटकी, हुलगे, अंडे, सुकट किंवा कमी तेलातल्या मटण-चिकनचे. डाळ-अंड्याने पोट जास्त वेळ भरलेले राहते, म्हणून त्यात काटकसर करू नका. पाच-दहा रुपयांची कुरकुऱ्याची पाकिटे आणि थंड पेयाच्या बाटल्या घरातच आणू नका. समोर नसले की मन मारावे लागत नाही.

आणि एक गोष्ट खास आपल्या भगिनींसाठी. सगळ्यांचे झाल्यावर जेवायचे, मग लेकराच्या ताटातले आणि पातेल्यातले उरलेले "टाकवत नाही" म्हणून खायचे, ही सवय आपल्या अंगावर किलोंनी दिसते. अन्न टाकू नये हे खरेच. पण त्यावर उपाय म्हणजे माप कमी करून रांधणे, उरले तर सकाळसाठी झाकून ठेवणे, आणि सगळ्यांबरोबर बसून आपले ताट एकदाच वाढून घेणे. आपले पोट म्हणजे उरल्यासुरल्याचे भांडे नव्हे.

दोनदाच जेवायचे का?

हा प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो. नागपूरचे दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार आपल्या व्याख्यानांतून दोनदाच जेवण्याचा आग्रह धरत. लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी आधी ते स्वतःवर करून पाहिले आणि मग गावोगाव सांगितले. दिवसात कडक भूक लागेल त्या दोनच वेळा, ५५ मिनिटांच्या आत जेवायचे आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचे, असे त्यांचे सूत्र. मराठवाड्यात ही पद्धत घराघरांत पोचली. त्याचे कारण उघड आहे : यात विकत घ्यायचे काही नाही, लक्षात ठेवायला सोपे आहे आणि एकमेकांना सांभाळणारे गट सोबत असतात.

काहींना हे मानवते, काहींना नाही. दिवसभर कापूस वेचणाऱ्या किंवा ऊस तोडणाऱ्या बाईला तीन वेळांची गरज असू शकते. जी पद्धत तुम्ही वर्षभर पाळू शकाल ती तुमची. मात्र शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही जेवण बंद करू नका. औषध तेवढेच राहिले आणि जेवण तुटले, तर साखर एकदम खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो.

चालणे आणि लोकांचे बोलणे

"राना-शिवारात राबतो, आणखी चालायचं कशाला?" असे काही जण म्हणतात. हंगामात राबता हे खरे. पण वेचणी संपल्यावर, किंवा शिलाई मशीन, दुकान, गाडी चालवणे यांत दिवस बसूनच जातो. रोज अर्धा तास भरभर चाला. बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, एवढा वेग. गुडघे फार दुखत असतील तर दहा-दहा मिनिटे तीनदा.

एकट्या बाईला रस्त्यावर चालणे अवघड जाते. अंधार, कुत्री आणि त्याहून जास्त "ही कुठं निघाली?" असे विचारणाऱ्या नजरा. चौघी मिळून निघा. चौघींना कोणी विचारत नाही.

काटा अडतो तेव्हा

तीन-चार महिन्यांनी वजन उतरायचे थांबते आणि बहुतेक जण इथेच सोडून देतात. हे अपयश नसते. शरीर लहान झाले की त्याला अन्नही कमी लागते, आणि उतरलेले वजन परत मिळवण्यासाठी ते भूक वाढवते. अशा वेळी सुतळी पाहा. काटा अडला असताना पोट उतरत असते. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ माणसांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध केला. आहार सुधारणाऱ्या आणि रोज चालणाऱ्या गटात मधुमेह होण्याचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी कमी झाला, आणि तोही वजनात फारसा फरक न पडता. म्हणजे काटा हलो न हलो, चाललेले पाऊल वाया जात नाही.

लग्न, बारसे, जयंतीचे जेवण होणारच. एका जेवणाने बिघडत नाही. "आता मोडलंच तर मोडू दे" म्हणून पुढचे आठ दिवस सोडून दिले की बिघडते. पुढच्या ताटापासून परत मापावर या.

विहाराची सोबत

वर्षावासाचे तीन महिने आपण विहारात जमतो, ग्रंथवाचन करतो. तेच तीन महिने पहिल्या टप्प्यासाठी धरता येतील. महिला मंडळाने वर्गणीतून एक वजनकाटा विहारात ठेवावा. दर पौर्णिमेला ज्याने-त्याने आपले वजन आणि कमर आपल्याच वहीत लिहावी. आकडा चारचौघांत वाचून दाखवू नये आणि कोणाला "जाडी" म्हणून हसू नये, हा नियम आधी करावा. टोमण्याने माणूस लपून खातो, सुधारत नाही. वाचनानंतर बुंदी-शेवऐवजी उकडलेले हरभरे, शेंगा किंवा हंगामात आपल्या जिल्ह्याची मोसंबी ठेवली तर चालण्यासारखे आहे.

यांनी आधी डॉक्टरांना भेटावे

गरोदर व अंगावर पाजणाऱ्या माता, अठरा वर्षांखालील मुले, टीबीचे औषध चालू असलेले, मूत्रपिंड किंवा हृदयाचा आजार असलेले आणि शुगरचे रुग्ण यांनी स्वतःच्या मनाने वजन उतरवू नये. काही न करता वजन घटत असेल तर आनंद मानू नका. टीबी आणि शुगर तपासा. थोडे खाऊनही वजन वाढत असेल तर थायरॉइड तपासून घ्या. २०२५ पासून वेगोवी, मौंजारो अशी वजनाची इंजेक्शने आपल्या देशात मिळू लागली आहेत. ती महाग आहेत आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची आहेत. दुकानातून परस्पर घेऊ नका.

बाबासाहेबांना मधुमेहाने किती छळले हे आपण जाणतो. आज तो रोग आपल्या वस्तीत घरोघर बसू पाहतो आहे, आणि पुष्कळदा तो वेळीच अडवता येतो. तेव्हा या आठवड्यात तीन कामे करा : सुतळीने कमर मोजा, चहातली एक चमचा साखर कमी करा आणि आपला सुदस्सन कोण ते ठरवून त्याला आजच सांगा. जयभीम!