डोळा पुढे आलाय? कारण नाकात असू शकते

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील गावांमध्ये भाताची मळणी सुरू झाली की धूळ, भुसा उडतो. नाक चोंदते, कपाळ ठणकते. सर्दी समजून वाफारा घेतला जातो आणि बहुतेकदा तेवढ्याने बरेही वाटते. पण एक डोळा हळूहळू पुढे येऊ लागला किंवा एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या, तर वाफाऱ्यावर विसंबू नये.

डोळ्यांच्या उपचारांचा वारसा तंजावरला जुनाच आहे. भोसले घराण्यातील सरफोजीराजे दुसरे (१७७७-१८३२) यांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या सचित्र नोंदी तेथील सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेल्या आहेत. पण डोळ्याच्या काही दुखण्यांचे मूळ शेजारच्या सायनसमध्ये असते.

प्रत्येक सिस्ट घातक नसते

सायनस म्हणजे चेहऱ्याच्या हाडांतील हवेच्या पोकळ्या. त्यांतला स्राव बारीक वाटेने नाकात उतरतो. गालाच्या सायनसमधील एखादी ग्रंथी बुजली की तेथे लहान सिस्ट, म्हणजे द्रवाची पिशवी तयार होते. दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेमध्ये ती अचानक दिसते. त्रास नसेल तर बहुधा शस्त्रक्रिया लागत नाही.

म्यूकोसील मात्र वेगळे. यात सायनसची वाटच बंद होते. साचलेला स्राव वर्षानुवर्षे फुगत जातो, हाड झिजवतो आणि डोळ्यावर दाब आणतो. त्यात जंतुसंसर्ग झाला तर दृष्टीही धोक्यात येते. नुसत्या औषधाने ही वाट उघडत नाही.

चेहऱ्यावर छेद नाही

पूर्वी भुवईजवळ किंवा वरच्या ओठाखाली हिरडीवर छेद घ्यावा लागे. ऑस्ट्रियातील डॉ. मेसरक्लिंगर यांच्या संशोधनानंतर, १९८० च्या दशकात दुर्बिणीची शस्त्रक्रिया जगभर पसरली. नाकपुडीतून सुमारे चार मिलिमीटर जाडीची दुर्बीण घालून, पडद्यावर पाहत सर्जन बंद वाट रुंद करतात व साचलेला स्राव काढतात. चेहऱ्यावर व्रण राहत नाही.

तरीही ही शस्त्रक्रिया किरकोळ समजू नये. डोळा आणि मेंदू पातळ हाडापलीकडेच असतात. म्हणून आधी सीटी स्कॅन आणि अनुभवी सर्जन हवाच. नंतर काही दिवस नाक जोरात शिंकरू नये, डॉक्टर सांगतील तसे मिठाच्या पाण्याने धुवावे, खळ्यातली धूळ आणि तळ्यातली डुबकी टाळावी.

रिपोर्टमध्ये 'सिस्ट' हा शब्द दिसताच घाबरू नका. "ही काढलीच पाहिजे का?" असे डॉक्टरांना जरूर विचारा. मात्र डोळ्यात फरक जाणवला, तर सुगी संपण्याची वाट पाहू नका.