वारीचा न्याय आणि पथारीचा हक्क

ज्येष्ठ वद्य सप्तमीस श्रीक्षेत्र देहूहून निघालेली तुकोबारायांची पालखी आकुर्डीचा मुक्काम आटोपून दापोडीमार्गे पुण्यनगरीत प्रवेश करते. त्या दिवशी रस्त्याच्या कडेला तुळशीमाळा, बुक्का, केळी मांडून बसलेला पथारीवाला हाही त्या सोहळ्याचा एक सेवकच होय. आषाढी एकादशीस आपण विठुरायाला वाहतो ती तुळस आणि फराळाच्या ताटातील रताळी बहुधा अशाच एखाद्या हातगाडीवरून घरात आलेली असतात.

परंतु सण सरला की हाच विक्रेता ‘अतिक्रमण’ ठरतो. रस्ता चालणाऱ्यांचा आहे, हे खरेच. पण ज्याची चूल त्या पथारीवर पेटते, त्याने जावे तरी कोठे? नियमांच्या चौकटीत राहून रस्त्यावर व्यापार करणे हा नागरिकाचा हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली मान्य केले. पुढे २०१४ साली पथविक्रेत्यांसाठी केंद्राचा स्वतंत्र कायदा झाला. महापालिका आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनी आपल्यातून निवडून दिलेले असावेत आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, असे तो सांगतो. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणास उठवू नये, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. जागा कोणती, वेळ कोणती, हे ठरविताना पथारीवाल्याचाही शब्द असावा, हे या कायद्याचे मर्म होय.

ही रीत वारकऱ्यांना नवी नाही. ज्ञानेश्वर माउलींच्या सोहळ्यात समाजआरतीच्या वेळी चोपदाराने दंड उंचावताच सारे टाळ शांत होतात. मात्र ज्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल, ती टाळ वाजवीतच राहते. ते गाऱ्हाणे ऐकून घेतले जाते, आणि मगच आरती होते. लाखोंची शिस्त टिकते ती अशी, शेवटच्या माणसाचे ऐकून घेतल्याने!

तुकोबाराय स्वतः वाण्याचे दुकान चालविणाऱ्या घरातले. दुष्काळात त्यांचा व्यापार बुडाला, आणि आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते. गरिबाची अडचण त्यांनी भोगून जाणली होती.

यंदा दापोडीत पालखीपुढे हात जोडताना कडेच्या पथारीकडेही एकवार पाहावे. तेथेही एक टाळ वाजतो आहे. तो ऐकला जाईल, तेव्हाच आपली आरती पूर्ण होईल.