विश्लेषण : माउंटन बाइकचे टायर कसे निवडावेत? सह्याद्रीतील वाटांसाठी आणि ऋतूंसाठी कोणते योग्य?

पुण्याच्या टेकड्यांपासून मुळशी, लोणावळा आणि महाबळेश्वरपर्यंत पाऊस सुरू झाला की सायकली घेऊन बाहेर पडणाऱ्यांची गर्दी वाढते. गिअर, सस्पेन्शन आणि ब्रेकवर हजारो रुपये खर्च होतात. मात्र सायकलचा जमिनीशी संबंध येतो तो फक्त टायरच्या हाताएवढ्याही नसलेल्या भागातून. चुकीचा टायर किंवा चुकीची हवा असेल तर महागडा ब्रेकही उपयोगाचा ठरत नाही. त्यामुळे टायर निवडताना नेमके काय पाहावे, हे समजून घेऊ.

टायरची पकड कशावर ठरते?

प्रामुख्याने चार गोष्टींवर : नक्षी, रबराचा मऊपणा, रुंदी आणि हवेचा दाब. टायरवरील उंचवट्यांना सायकलपटू ‘नॉब’ म्हणतात, तर दुकानदार ‘बटण’. मधली बटणे पेडल मारताना आणि ब्रेक लावताना काम करतात, तर कडेची बटणे सायकल वळणावर झुकल्यावर जमीन धरतात. मऊ रबर ओल्या दगडावर चांगले चिकटते. पण लवकर झिजते आणि डांबरी रस्त्यावर जड वाटते. कडक रबर टिकाऊ असते. पण ओल्या खडकावर ते घसरते.

दाबाचे गणित सोपे आहे. मागच्या चाकावर साधारण ५० किलो भार आहे, असे धरू. ५० पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ३.५ किलो. या दाबाला टायरचा साधारण १४ चौरस सेंटीमीटर भाग जमिनीला टेकतो. दाब २५ पीएसआयवर आणला की तो सुमारे २८, म्हणजे दुप्पट होतो. टायरच्या भिंतीच्या कडकपणामुळे प्रत्यक्षात थोडा फरक पडतो, पण ‘टाइट हवा म्हणजे वेग’ हा समज खडबडीत वाटेवर का टिकत नाही, हे यातून कळते. फार टाइट टायर प्रत्येक दगडावर उसळतो आणि वेग व पकड दोन्ही जातात.

पावसाळ्यात कोणता टायर हवा?

चिखलासाठी बटणे उंच आणि एकमेकांपासून लांब असावीत. चाक फिरताना मधला चिखल बाहेर फेकला जाण्यासाठी ही जागा लागते. दाट बटणांमधला चिखल बाहेर पडत नाही आणि टायर गुळगुळीत गोळा होऊन बसतो. चिखलात फार रुंद टायरही अडचणीचा ठरतो. सायकलची फ्रेम आणि टायर यांच्यात जागा उरली नाही तर चाकच अडकते.

घाटमाथ्यावरील शेवाळलेला बेसॉल्ट हा वेगळा प्रश्न आहे. तिथे उंच बटणे काम करत नाहीत, कारण त्यांना रुतायला मातीच नसते. मऊ रबर आणि नेहमीपेक्षा एक-दोन पीएसआय कमी हवा यांची थोडी मदत होते. पण शेवाळावर भरवशाचा टायर कुठलाच नाही. अशा ठिकाणी हँडल सरळ ठेवणे, ब्रेक न दाबणे किंवा सरळ उतरून चालणे हाच उपाय.

काळ्या मातीत काय करावे?

काळ्या मातीतील चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि चाकाला थरावर थर चिकटते. चिखलाचा खास टायरही तिथे लवकर हात टेकतो. पाऊस थांबल्यावर वाट वाळेपर्यंत थांबणे शहाणपणाचे. ओल्या मातीवर पडलेल्या चाकाच्या चरातून पुढच्या सरीचे पाणी वाहते आणि पायवाटेची घळ होते. म्हणजे हा प्रश्न केवळ सायकलस्वाराच्या सोयीचा राहत नाही, वाटेच्या आयुष्याचाही होतो.

हिवाळा आणि उन्हाळ्यात काय बदलते?

पाऊस संपल्यानंतरचे काही आठवडे मातीत ओल असते आणि पकड उत्तम मिळते. मध्यम उंचीच्या बटणांचा टायर तेव्हा पुरेसा असतो. मात्र याच काळात सराटे वाळून टणक होतात आणि पंक्चर वाढतात. मार्चनंतर टणक जमिनीवर मुरमाचे सुटे खडे पसरतात. त्यावर कमी उंचीची, जवळजवळ असलेली मधली बटणे आणि कडेला भक्कम बटणे असा टायर चांगला. बटणे फार उंच असतील तर टणक जमिनीवर ती वाकतात आणि वळणावर सायकल डळमळते.

उन्हात दाबही वाढतो. सावलीत ३० पीएसआय भरलेला टायर २० अंशांनी तापला तर दाब सुमारे ३ पीएसआयने वाढतो. गाडीच्या टपावरून सायकल नेली असेल, तर निघण्यापूर्वी हवा पुन्हा तपासावी. कोकण आणि गोव्यातील जांभ्याच्या सड्यावर दगडाच्या धारेने टायरची भिंत फाटू शकते. तिथे जाड भिंतीचा टायर घ्यावा, वजन थोडे वाढले तरी चालेल.

पुढचा आणि मागचा टायर सारखाच हवा का?

नाही. मागचे चाक घसरले तर बहुतेक वेळा सावरता येते. पुढचे घसरले तर स्वार थेट खाली येतो. म्हणून जास्त पकडीचा, मऊ रबराचा टायर पुढे आणि सहज फिरणारा, टिकाऊ टायर मागे लावतात. दोन्ही बदलण्याइतके पैसे नसतील तर नवा टायर पुढे लावावा आणि पुढचा जुना, चांगल्या स्थितीत असेल तर, मागे न्यावा.

ट्यूब की ट्यूबलेस?

ट्यूबच्या टायरमध्ये हवा फार कमी केली तर दगडावर आपटताना ट्यूब रिममध्ये चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोके पडतात. ट्यूबलेसमध्ये हा धोका नसतो, त्यामुळे दाब कमी ठेवता येतो. आतले द्रवरूप सीलंट सराट्याची किंवा बाभळीच्या काट्याची बारीक भोके आपोआप बुजवते. मात्र ते उन्हात लवकर सुकते, त्यामुळे दर दोन-तीन महिन्यांनी तपासावे. त्यासाठी रिम आणि टायर दोन्ही ट्यूबलेसला योग्य असावे लागतात. साध्या रिमवर हा प्रयोग करू नये.

खरेदीपूर्वी काय तपासावे?

- टायरवरील आकडे : २६, २७.५ की २९ इंच, हे आधी पाहावे. खात्रीसाठी अनुक्रमे ५५९, ५८४ किंवा ६२२ हा आकडा जुळवावा.
- रुंदी : रोजच्या मिश्र वापरासाठी २.२ ते २.४ इंच पुरेशी. फ्रेममध्ये दोन्ही बाजूंना जागा उरते का, ते पाहावे.
- दाब : ७० किलोच्या स्वाराने ट्यूबलेसमध्ये पुढे २२-२५ आणि मागे २५-२८ पीएसआयपासून सुरुवात करावी, ट्यूब असेल तर पाचेक पीएसआय जास्त. टायरच्या भिंतीवर छापलेल्या किमान-कमाल मर्यादेबाहेर जाऊ नये.
- बाण : फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असेल तर त्याप्रमाणेच टायर बसवावा.
- झीज : बटणांच्या कडा गोल झाल्या, ती मुळाशी चिरली किंवा भिंतीतून धागे दिसू लागले की टायर बदलावा.

एकच टायर घ्यायचा असेल तर?

वर्षभर एकच जोडी वापरणाऱ्यांनी मध्यम उंचीच्या बटणांचा टायर घ्यावा आणि ऋतूनुसार हवा बदलावी. त्यासाठी दाब दाखवणारा साधा हातपंप पुरतो. पेट्रोल पंपावरचे मीटर मोटारींसाठी असते. दोन-तीन पीएसआयचा फरक तिथे नेमका साधत नाही आणि माउंटन बाइकला नेमका तोच फरक जाणवतो.